पिनियन गातं, बेअरिंग गुरगुरतं

शनिवारी सकाळी पिकअप घोड्यांवर, म्हणजे जॅक-स्टँडवर चढवली. मागची चाकं काढली, एक्सल बाहेर ओढले, दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि ऑइल सील नवीन बसवली. पुढच्या बाजूलाही थोडं ऑइल पाझरताना दिसलं, म्हणून जाता जाता पिनियनचं सीलही बदलून टाकलं. संध्याकाळी ऑइल भरलं, झाकण लावलं, हात धुतले. रविवारी पहिली फेरी. ताशी ४० मैलांपर्यंत सगळं शांत होतं. ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटरला पाठीमागून एक बारीक, लांबलचक ‘ऊंऽऽऽ’ सुरू झाला. ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, पाय उचलला की सूर बदलायचा. शुक्रवारपर्यंत हा आवाज नव्हता.

अमेरिकेत हा अनुभव फार लोकांना येतो.  गॅरेजची मजुरी तासावर मोजली जाते आणि ती परवडत नाही, म्हणून घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये हत्यारांची पेटी असते आणि ब्रेकपासून एक्सलपर्यंतची कामं माणसं स्वतः करतात. काम जमतंही. पण मागच्या एक्सलचा स्वभाव असा की सगळे नट-बोल्ट नीट बसले तरी तो आवाज करू शकतो. मग घाबरून लोक लगेच झाकण पुन्हा उघडतात, हाताला येईल तो भाग बदलतात, आणि आवाज तसाच राहतो.

तो आवाज म्हणजे गाडीने दिलेला जबाबच असतो. तो कधी येतो, कधी थांबतो आणि दुरुस्तीत हात कशाकशाला लागला होता, या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की बहुतेक वेळा पाना हातात घेण्याआधीच दोषी भागाचं नाव कळतं.

उदाहरण म्हणून फोर्डचा ८.८ इंची एक्सल घेऊ. १९८०च्या दशकापासून एफ-१५०, रेंजर, एक्सप्लोरर या गाड्यांखाली आणि मस्टँगखालीही तो प्रचंड संख्येने बसला. घरी खोलल्या जाणाऱ्या एक्सलांमध्ये त्याचा क्रमांक फार वरचा. ८.८ इंच हा क्राऊनचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा व्यास आहे, म्हणजे सुमारे २२४ मिलिमीटर. इंजिनाकडून प्रोपेलर शाफ्ट येतो, त्याच्या टोकाला पिनियन नावाचं छोटं दातेरी चक्र असतं आणि ते मोठ्या क्राऊनला फिरवतं. इथे तीन कामं एकदम होतात. फिरण्याची दिशा काटकोनात वळते, वेग कमी होऊन ओढ वाढते, आणि क्राऊनला जोडलेल्या पेटीतले छोटे गिअर ती ओढ दोन चाकांत वाटतात. आपल्याकडचे मिस्त्री या छोट्या गिअरांना ‘सन’ आणि ‘स्टार’ म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, तेव्हा एक चाक पुढे आणि एक मागे राहू देणं हे सन-स्टारचं काम. डिफ्रन्शिअल नावाची ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकेर या घड्याळजींनी १८२७-२८च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं होतं.

आवाजाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचं नाव अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातल्या ग्लीसन कारखान्याचं. विल्यम ग्लीसन यांनी १८७४मध्ये तिरप्या (बेव्हल) गिअरचे दाते कापणारं यंत्र तयार केलं. त्यांची मुलगी केट ग्लीसन लहान वयापासून वडिलांच्या कारखान्यात राबली आणि पुढे देशोदेशी फिरून तिने ती यंत्रं विकली. अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेचं पूर्ण सदस्यत्व १९१४मध्ये मिळवणारी ती पहिली स्त्री. याच कारखान्याने १९२०च्या दशकात हायपॉइड गिअर आणला आणि पॅकार्ड कंपनीने तो आपल्या मोटारींत बसवला. हायपॉइडमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसतं, थोडं खाली असतं. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली जातो, गाडीचा तळ बुटका करता येतो, पिनियन जाड घेता येतं आणि दात्यांचा खडखडाट कमी होतो. मोबदल्यात दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतात. त्या घसटीत साधं ऑइल टिकत नाही. त्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असलेलं जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. झाकण उघडल्यावर कुजक्या अंड्यासारखा जो दर्प येतो, तो याच गंधकाचा.

आता त्या ‘ऊंऽऽऽ’कडे येऊ.

दाते कितीही सुबक कापले तरी प्रत्येक दाता दुसऱ्याला अगदी समान वेगाने ढकलत नाही. तो किंचित पुढे जातो, किंचित मागे राहतो. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो, पण दात्यामागून दाता येत राहतो आणि त्या ठोक्यांचा सूर बनतो. तो सूर चक्क मोजता येतो. चाकाचा व्यास ७६ सेंटिमीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण ९.३ वेळा फिरतं. ३.७३ गुणोत्तराच्या ८.८ एक्सलमध्ये क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दाते असतात. ९.३ गुणिले ४१, म्हणजे सेकंदाला सुमारे ३८० दाते एकमेकांना भिडतात. हार्मोनियमवर पांढरी एकचा षड्ज धरला, तर हा सूर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध पडतो. गाडी ६० किलोमीटरवर आणली की तोच सूर २८५पर्यंत, म्हणजे कोमल रिषभाच्या किंचित वर उतरतो. एक्सलची नळी, पाटे आणि वरची पोकळ बॉडी त्या सुराला तानपुऱ्याच्या भोपळ्यासारखी साथ देतात, म्हणून हाउसिंगमधली, म्हणजे एक्सलच्या आवरणातली बारीक कुरबुर केबिनमध्ये घुमते.

यावरून पहिली विभागणी करता येते. वेगाबरोबर चढणारा आणि उतरणारा, गाता येईल असा स्वच्छ सूर असेल तर संशय क्राऊन-पिनियनच्या दात्यांवर. बेअरिंगचा आवाज असा सुरेल नसतो. तो जात्यासारखा भरड असतो, घरघरतो, गुरगुरतो. त्यातही चाकाचं बेअरिंग चाकाच्या गतीने फिरतं आणि पिनियनची बेअरिंग त्याच्या ३.७३ पट वेगाने. म्हणून खराब झालेल्या पिनियनच्या बेअरिंगची घरघर वरच्या पट्टीतली आणि घाईची असते, तर चाकाच्या बेअरिंगची खालच्या पट्टीतली आणि संथ. चाकाच्या एका फेऱ्याला एकदा येणारी ‘धक्‌ धक्‌’ मात्र दोन्हींची नसते. ती वाकलेल्या एक्सलची, अंडाकृती झालेल्या ब्रेक ड्रमची किंवा टायरवर आलेल्या फोडाची.

टायरला तर सर्वांत आधी वगळायला हवं. झिजून खवले पडलेला टायर अगदी डिफ्रन्शिअलसारखा घोंघावतो, आणि त्यापायी चांगले एक्सल खोलले गेल्याची उदाहरणं कोणत्याही जुन्या मिस्त्रीकडे मिळतात. परीक्षा सोपी आहे. त्याच वेगाने गाडी गुळगुळीत डांबरावरून आणि मग काँक्रीटवरून न्यावी. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डिफ्रन्शिअलला रस्त्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त ओढ कळते.

म्हणून खरी परीक्षा पायाखाली होते. रिकामा, सरळ, सपाट रस्ता निवडावा, शेजारी एक जण वही घेऊन बसवावा. आवाज ज्या वेगाला सर्वांत मोठा असतो, तो वेग धरावा. मग चार अवस्था तपासाव्यात. ॲक्सिलरेटर दाबून वेग वाढवताना, स्थिर वेगाने, पाय अगदी हलका ठेवून इंजिन ना ओढतंय ना अडवतंय अशा स्थितीत, आणि पाय पूर्ण उचलून गाडी गिअरमध्येच घरंगळू देताना. क्राऊनच्या दात्याला दोन अंगं असतात. ओढताना एक अंग काम करतं, घरंगळताना दुसरं. सूर एकाच अवस्थेत येत असेल, तर दात्याच्या त्या अंगाची बैठक चुकली आहे किंवा ते झिजलंय. दोन्ही अवस्थांत येत असेल आणि मधल्या तरंगत्या स्थितीत थरथरत असेल, तर पिनियन जागच्या जागी पुढे-मागे सरकतंय का, ही शंका घ्यावी. भरड घरघर ओढताना वाढत असेल तर बहुधा पिनियनचं आतलं, म्हणजे क्राऊनकडचं बेअरिंग असतं. पाय उचलल्यावर वाढत असेल तर पुढचं.

त्यानंतर, समोर-मागे कुणी नसेल तेव्हाच, गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवावी. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली आणि डावीकडे वळताना कमी झाली, तर डाव्या चाकाचं बेअरिंग पाहावं. ॲक्सिलरेटरने काही फरक पडत नाही आणि झुलवल्याने पडतो, एवढं कळलं तरी क्राऊन-पिनियन संशयातून सुटतात.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. सरळ रस्त्यावर आवाज आला की अनेक जण सन-स्टारला दोष देतात. सरळ जाताना दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरतात, त्यामुळे पेटीतले हे छोटे गिअर एकमेकांवर फिरतच नाहीत, पेटीसोबत एकसंध फिरतात. जे फिरत नाही ते गाणार कसं? त्यांचा आवाज वळणावर येतो, नाहीतर गाडी सुटताना एकच ‘टाक्‌’ असा ठोका देऊन येतो. तो ठोकाही पुष्कळदा प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातल्या झिजलेल्या क्रॉसचा निघतो. संथ वेगात चिमणीसारखी ‘चिक्‌ चिक्‌’ येत असेल तर तो कोरडा पडलेला क्रॉसच.

हे सगळं वहीत उतरलं की दुसरा प्रश्न येतो: हात कशाला लागला होता?

८.८ हा सेमी-फ्लोटिंग एक्सल आहे. चाक थेट एक्सलच्या टोकाला बसतं आणि गाडीचा भार एक्सललाच पेलावा लागतो. एक्सल आतल्या टोकाला एका छोट्या सी-क्लिपने अडकवलेला असतो. तो काढायचा तर मागचं झाकण उघडायचं, पेटीतल्या आडव्या खिळीचा बारीक लॉक-बोल्ट काढायचा, खीळ सरकवायची, एक्सल आत ढकलून क्लिप काढायची आणि मग तो बाहेर ओढायचा. हा लॉक-बोल्ट तुटण्यासाठी बदनाम आहे. परत बसवताना नवा बोल्ट आणि आट्यांना लॉक करणारा द्रव वापरलाच पाहिजे. तो बोल्ट सुटला तर आडवी खीळ बाहेर सरकून पिनियनच्या डोक्यावर आदळू शकते. झाकणाच्या आतून ठराविक लयीत धातूचा टकटकाट ऐकू आला तर गाडी जिथे आहे तिथेच थांबवावी. घरी पोचल्यावर बघू म्हणण्यासारखी ती गोष्ट नाही.

आता या एक्सलची खरी गोम. इथल्या चाकाच्या बेअरिंगला आतली रिंगच नसते. त्याचे रोलर थेट एक्सलच्या पोलादावर फिरतात. म्हणजे बेअरिंगचा अर्धा भाग एक्सल स्वतःच असतो. जुनं बेअरिंग घरघरत होतं तेव्हा त्याने एक्सलवरही आपली खूण सोडलेली असते. चिंधीने तो भाग लख्ख पुसावा आणि बोटाचं नख एक्सलच्या लांबीच्या दिशेने हळूच सरकवावं. निरोगी एक्सलवर नख काचेवरून जावं तसं जातं. रोलरच्या पट्ट्याशी ते अडखळलं, तिथे बारीक खड्डे दिसले किंवा पोलादाचा पापुद्रा सुटलेला दिसला, तर त्या जागेवर नवं बेअरिंग बसवणं म्हणजे नवा टायर खिळ्यांवरून नेणं. काही दिवसांत घरघर परत येते, सीलचा ओठ खरडला जाऊन ऑइलही गळतं, आणि दोष नव्या बेअरिंगच्या माथी येतो. यावर खरा उपाय नवा एक्सल. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे खास दुरुस्तीसाठी मिळणारं बेअरिंग. त्यात रोलरची जागा थोडी सरकवलेली असते, त्यामुळे ते एक्सलच्या न झिजलेल्या भागावर फिरतं.

पण आपल्या रविवारच्या गाडीत घरघर नव्हतीच. होता तो सूर, आणि तोही ॲक्सिलरेटरबरोबर बदलणारा. एक्सलची बेअरिंग बदलताना क्राऊन किंवा पिनियन हलत नाहीत, त्यांच्या बेअरिंगच्या टोप्यांना हात लागत नाही. मग ज्यांना हात लागला नाही ते अचानक गायला का लागले? उत्तर त्या ‘जाता जाता’मध्ये आहे.

पिनियनचं सील बदलायचं तर पिनियनचा नट काढावा लागतो. हा साधा नट नव्हे. पिनियन दोन निमुळत्या बेअरिंगवर फिरतं आणि त्या दोघांच्या मध्ये पातळ पोलादाची एक बाही असते. कारखान्यात नट आवळताना ती बाही कणाकणाने चेपत जाते आणि बेअरिंगवर हवा तेवढाच दाब येतो. चेपलेली बाही पुन्हा फुगत नाही. घरी नट काढला, सील बदललं आणि अंदाजाने आवळला, तर दोनपैकी एक होतं. नट कमी आवळला गेला तर पिनियनला बेअरिंगमध्ये खेळ मिळतो. ओढताना ते एका बाजूला सरकतं, पाय उचलला की दुसऱ्या बाजूला, आणि दात्यांची बैठक प्रत्येक वेळी बदलते. हाच तो चढता-उतरता ‘ऊंऽऽऽ’. एअर गनने करकचून आवळला तर बाही गरजेपेक्षा जास्त चेपते, बेअरिंग जखडतात, तापतात आणि काही शे किलोमीटरांत जळतात.

हा दाब मोजायची रीत साधी आहे. पिनियन हाताने फिरवायला किती जोर लागतो ते छोट्या मापाच्या टॉर्क पान्याने पाहायचं. ८.८ साठी नव्या बेअरिंगवर हा जोर १६ ते २९ इंच-पौंड, म्हणजे साधारण १.८ ते ३.३ न्यूटन-मीटर, आणि वापरलेल्या बेअरिंगवर ८ ते १४ इंच-पौंड असावा लागतो. हा मनगटाचा हलका जोर झाला, पण तो आणण्यासाठी नटवर किमान १९० न्यूटन-मीटरचा दांडगा जोर लावावा लागतो. एक केसभर फिरवलं की आकडा झपकन वर जातो. म्हणून सील बदलण्याआधीच हा आकडा लिहून ठेवायचा, नट, पिनियनचं टोक आणि प्रोपेलर शाफ्ट जिला जोडतात ती फ्लँज यांवर एका रेषेत खूण करायची, आणि नवा नट थोडा थोडा आवळत पुन्हा त्याच आकड्यावर किंवा त्याच्या किंचित वर यायचं. पुढे गेलं तर नट सैल करून भागत नाही, नवी बाही घालावी लागते. ज्याने आधी मोजलं नाही त्याच्याकडे परतीची वाट राहत नाही. घरगुती एक्सल दुरुस्तीतली सर्वांत महाग चूक हीच.

फ्लँजला प्रोपेलर शाफ्ट परत जोडतानाही आधीच्याच खुणेवर जोडायला हवा. उलटा बसला तर तोल बिघडतो आणि महामार्गाच्या वेगाला सीट थरथरू लागते. लोक त्यालाही डिफ्रन्शिअलचा आवाज म्हणतात.

ऑइलचा दोष त्या मानाने लवकर निस्तरता येतो. भरायच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल हवं आणि ते पाहताना गाडी सपाट उभी हवी. एका बाजूला कललेल्या गाडीत भरलेलं ऑइल कमी-जास्त होतं. ८.८च्या काही गाड्यांत ट्रॅक्शन-लॉक, म्हणजे चाक घसरू नये म्हणून क्लचच्या चकत्या बसवलेलं डिफ्रन्शिअल असतं. त्यात ऑइलबरोबर घर्षण सौम्य करणारं द्रव्य टाकावं लागतं. ते विसरलं की पार्किंगमध्ये वळताना मागून कडकड, थरथर अशी चकत्यांची कुरकुर येते आणि नवखा दुरुस्तीवाला हादरतो. ते द्रव्य टाकून मोकळ्या मैदानात आठच्या आकड्यात काही फेऱ्या मारल्या की चकत्यांच्या फटीत ऑइल शिरतं आणि पुष्कळदा आवाज जातो.

जुनं ऑइलही फेकण्याआधी वाचावं. आतल्या चुंबकावरची करड्या रंगाची मऊ लोण्यासारखी पेस्ट ही रोजची झीज, तिला घाबरू नये. बोटात टोचणारे चकाकते पापुद्रे दिसले तर बेअरिंग सोलतंय. कोपरे असलेला तुकडा सापडला तर तो दात्याचा. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी शिरलंय.

इतकं करूनही संशय क्राऊन-पिनियनवरच राहिला, तर शेवटचा निकाल रंग देतो. क्राऊनच्या चार-पाच दात्यांना पिवळी पेस्ट लावायची, ब्रेक किंवा लाकडाने क्राऊनला थोडा अडसर द्यायचा आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचं. पूर्वी यासाठी रेड लेड, म्हणजे आपला शेंदूर, तेलात कालवून वापरत. पिनियनचा दाता जिथे घासतो तिथला रंग सरकतो आणि दात्यावर लंबगोल डाग उमटतो. हा डाग दात्याच्या उंचीच्या मध्यावर, कडांपासून सुटा आणि कोपऱ्यांवर न चढलेला असेल तर बैठक चांगली. डाग मुळाकडे घसरला असेल तर पिनियन क्राऊनमध्ये जास्त खोल शिरलंय, शेंड्याकडे चढला असेल तर बाहेर राहिलंय. दात्याच्या बाहेरच्या, रुंद टोकाकडे पळाला असेल तर दोघांमधला खेळ जास्त आहे, आतल्या अरुंद टोकाकडे आला असेल तर कमी. ८.८ मध्ये हा खेळ ०.२० ते ०.३८ मिलिमीटर हवा. लिहायच्या साध्या कागदाचे दोन ते चार ताव एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी भरते, तेवढाच. डायल गेजशिवाय तो कळत नाही. हाताने हलवून ‘ठीक वाटतंय’ म्हणणं इथे चालत नाही.

हे दोन दोष एकमेकांत गुंतलेले असतात. खोली बदलायची तर पिनियनच्या डोक्याखालच्या पातळ चकत्या बदलाव्या लागतात आणि त्यासाठी बेअरिंग उपसावं लागतं. खेळ बदलायचा तर क्राऊनच्या डाव्या-उजव्या चकत्या. आधी खोली, मग खेळ, मग पुन्हा रंग. अनुभवी हातांनाही तीन-चार वेळा हा फेरा करावा लागतो. त्यात दोन चुका जीवघेण्या ठरतात. क्राऊनच्या बेअरिंगच्या दोन टोप्या हाउसिंगसोबत एकाच वेळी कापलेल्या असतात. डावी उजवीकडे बसवली तर बेअरिंग पिळलं जातं. दुसरी चूक, एका जोडीचा क्राऊन आणि दुसऱ्या जोडीचं पिनियन एकत्र करणं. हे दोघं कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. दाते मोजून सारखे भरले म्हणून परकी जोडी शांत चालत नाही.

आपल्याकडे कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला किंवा निगडीच्या वाहतूकनगरीत हेच सत्य वेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतं. तिथे ‘क्राऊन-पिनियन सेट’ असाच शब्द चालतो, सुटं काही मागायचं नाही. जड ट्रकचा एक्सल मात्र वेगळा असतो, फुल-फ्लोटिंग. गाडीचा भार हबमधली दोन बेअरिंग थेट हाउसिंगवर पेलतात आणि एक्सल फक्त फिरवण्याचं काम करतो. हबवरचे बोल्ट काढले की चाक जागेवर ठेवून एक्सल ओढून काढता येतो. आवाज शोधायला ही मोठी सोय आहे. दोन्ही एक्सल काढून चाक जॅकवर हाताने फिरवलं आणि तरीही ते गुरगुरलं, तर दोष हबमध्ये. चाक शांत असेल तर दोष आत. फक्त लक्षात ठेवायचं की एक्सल निघाले की गाडी गिअरमध्ये टाकून उभी राहत नाही, आणि प्रोपेलर शाफ्टवर काम करणारा हातब्रेकही चाकांना धरत नाही. अशा जड एक्सलांच्या भारतीय उत्पादनात पुण्याच्या कल्याणी समूहाचाही वाटा आहे. मैसूरची ऑटोमोटिव्ह एक्सल्स ही कंपनी या समूहाने परदेशी भागीदारासोबत १९८१मध्ये सुरू केली. डेट्रॉईटच्या परिसरात मोटार उद्योगात काम करणारे मराठी अभियंते आणि निगडीचा मिस्त्री, दोघांच्याही हाताखालच्या या यंत्राचं तत्त्व एकच आहे.

घरी काय करावं आणि काय करू नये, याची रेघ स्पष्ट ओढता येते. चाकांची बेअरिंग, सील, ऑइल, क्रॉस ही कामं काळजीने करणाऱ्या माणसाने जरूर स्वतः करावीत. पिनियनच्या नटला हात लावायचा तर छोट्या मापाचा टॉर्क पाना आधी विकत घ्यावा, नंतर नव्हे. डायल गेज आणि बेअरिंग उपसायचं साधन नसेल तर क्राऊन-पिनियनची बैठक जाणत्या हातांकडे सोपवावी, त्यात कमीपणा नाही. नवा सेट बसवला तर पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांचीच ठेवून गाडी थंड होऊ द्यावी, पहिले सुमारे ८०० किलोमीटर मागे ट्रेलर ओढू नये आणि त्यानंतर ऑइल बदलावं.

आणि आवाज ऐकण्यासाठी गाडी घोड्यांवर चढवून गिअरमध्ये कधीही चालवून बघू नका. ट्रॅक्शन-लॉक असलेल्या गाडीचं एक चाक जरी जमिनीला टेकलेलं असलं तरी ती जॅकवरून उडी मारून पुढे जाते. शिवाय लटकलेल्या एक्सलमुळे प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि जे आवाज रस्त्यावर कधीच येत नाहीत ते ऐकू येतात. रस्त्यावर ऐका, वहीत लिहा, आणि खाली शिरण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना ठोकळे लावले आहेत याची खात्री करा.